जिव्हाळीचा खिळा

इद्रिस नालबंदाच्या घराला अकरा पायऱ्या. खाली दुकान, वर संसार. गेली दोन वर्षं तो सहाव्या पायरीवर थांबायचा. उजवा हात भिंतीला टेकायचा, चार-पाच श्वास घ्यायचे, मग उरलेल्या पाच पायऱ्या. हात रोज एकाच जागी पडत असल्यामुळे चुन्यावर एक काळपट डाग उमटला होता, आणि वर अमिनाचा चहा त्या डागाच्या तालावर चाले. खालून पावलं वाजली की ती गॅस पेटवी, पावलं थांबली की चहापत्ती टाकी, पुन्हा वाजू लागली की आलं ठेचून घाली. नवरा दारात यायला आणि चहा गाळायला एकच गाठ पडे.

"आज फिर रुके," ती म्हणे.

"जीना खडा हो गया है," तो म्हणे.

बत्तीस वर्षं तोच जिना होता. तो काही म्हातारपणी उभा राहिला नव्हता. पण नवऱ्याला खोटं पाडून चहा पाजायचा, त्यापेक्षा नुसता पाजावा, असं अमिनाचं धोरण होतं. नंदुरबारातल्या त्यांच्या मोहल्ल्यात घरोघरी ही अशीच हिंदी चाले. जिना उतरून बाजारात पाऊल टाकलं की तोच इद्रिस अहिराणीत शिरे आणि गिऱ्हाइकाशी तासन्‌तास बोले. घोड्यांशी मात्र तो कुठल्याच भाषेत बोलत नसे. नुसता हात फिरवी, आणि घोडे ऐकत.

नऊ वर्षांपूर्वी तो एका घोड्याच्या पायाखालीच पडला होता. खूर मांडीवर घेतलेला, हातोडी वर उचललेली, आणि डोळ्यांपुढे एकदम काळोख. घोडा शहाणा निघाला, पाय अधांतरी धरून उभा राहिला. दवाखान्यात नाडी मोजली तर मिनिटाला बत्तीस. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली जाणारा विजेचा रस्ताच बंद पडला होता. मग नाशिकला नेलं, डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत काडेपेटीएवढा डबा बसवला, त्याची तार शिरेतून हृदयात सोडली आणि तिसऱ्या दिवशी इद्रिस चालत घरी आला. त्या डबीने त्याला जीवदान दिलं, यात शंका नाही. तो तिला 'मशीन' म्हणे, आणि जावई चांगला निघावा तशा अभिमानाने तिच्याबद्दल बोले.

रोज पहाटे नमाज झाली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो मनगटावर तीन बोटं ठेवी आणि मोजी. साठ. कधी एक कमी नाही, कधी एक जास्त नाही. "घडी पीछे पडेगी, मशीन नहीं," तो अमिनाला ऐकू जाईल असं म्हणे. साठ ठोके पडतायत म्हणजे माणूस ठणठणीत, हा त्याचा हिशेब होता. आता गंमत बघा. जो माणूस घोड्याचा सौदा ठरताना कधी पावलं मोजत नसे, नुसती चाल बघे, आणि दहा पावलांत खोड सांगे, तो स्वतःच्या बाबतीत मोजण्यावर समाधानी होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी तो मशीन दाखवायला गेला. नाशिकच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर आशा वळवी महिन्यातून एकदा नंदुरबारला येत. बाई मूळच्या अक्कलकुव्याकडच्या, त्यामुळे डोंगरातले पेशंट त्यांच्याकडे आईच्या माहेरी आल्यासारखे येत. आधी मशीन तपासणाऱ्या जगदीशने इद्रिसच्या छातीवर एक चपटी चकती ठेवली आणि लॅपटॉपवर बघून सांगितलं, "बॅटरी तीन महिन्यांची राहिली, चाचा. बाकी मशीन टकाटक. शंभरातले अठ्ठ्याण्णव ठोके तेच देतंय."

"मी काय सांगेल व्हतं?" इद्रिस खूश झाला.

मग बाईंनी सोनोग्राफी केली. बराच वेळ केली. जुनी फाइल उघडली, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"मशीन चांगलं आहे, इद्रिसचाचा. हृदय थकलंय. भरलेल्या रक्तातलं किती रक्त ते एका ठोक्यात बाहेर टाकतं, ते आम्ही मोजतो. नऊ वर्षांपूर्वी तुमचे अठ्ठावन्न टक्के होते. आता चौतीस आहेत."

"मशीन चांगलं शे तं हृदय कसं थकनं?"

प्रश्न रास्त होता. बाईंनी केसपेपर उलटा केला आणि कागदाच्या कोऱ्या बाजूवर पेनने चित्र काढलं. एक पेरूसारखा आकार, मध्ये उभा पडदा.

"हृदयाची स्वतःची वायरिंग असते. वरून येते, या मधल्या पडद्यात तिच्या दोन फांद्या होतात, डावी आणि उजवी. तिच्यातून आलेला करंट दोन्ही बाजूंना एकदमच पोचतो आणि सगळ्या भिंती एकदम आवळतात. तुमची वायरिंग वरच बंद पडली होती. तेव्हा तार इथे बसवली, उजव्या कप्प्याच्या तळाला, टोकाशी." त्यांनी तिथे ठिपका दिला. "तेव्हा बहुतेक सगळीकडे तिथेच बसवत. त्यात कुणाची चूक नाही. पण या ठिपक्यापासून निघालेला करंट वायरिंगमध्ये शिरत नाही. मांसातून रांगत जातो. उजवी बाजू आधी आवळते, डावी मागाहून. ओलं धोतर दोघांनी पिळायचं आणि दोघांनी वेगवेगळ्या वेळी पीळ द्यायचा, तसं होतं. पुष्कळ हृदयांना हे जन्मभर चालतं. काहींना चालत नाही. तुम्ही त्या काहींतले."

"मंग?"

"नुसता डबा बदलता येईल. लहान काम आहे, आठवड्याभरात तुम्ही दुकानात. पण तार तीच, पीळ तोच. चौतीस आणखी खाली जातील, आणि किती खाली, ते मी आज सांगू शकत नाही. माझं ऐकाल तर डबा बदलतानाच नवी तार घालू. ती या मधल्या पडद्यात स्क्रूसारखी फिरवत आत न्यायची, डाव्या फांदीपर्यंत. मग करंट हृदयाच्या स्वतःच्या रस्त्याने जातो. ते नाही साधलं, तर हृदयाच्या मागच्या शिरेतून डाव्या भिंतीवर तार टाकायची आणि दोन्हीकडून एकदम ठोका द्यायचा. ती पद्धत जास्त जुनी, तिचा अनुभव जास्त आहे. पडद्यातली नवी आहे. तिचा वीस वर्षांचा अनुभव कोणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही. पण जे दिसतंय ते चांगलं दिसतंय, म्हणून आधी ती करून बघेन."

बाई लपवाछपवी न करता बोलल्या, ते इद्रिसला आवडलं. त्याने एकच विचारलं. हाताचं काय?

"नव्या तारेला सहा आठवडे सांभाळावं लागतं. डावं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, ओढायचं नाही, वजन उचलायचं नाही."

इद्रिसने मनात दिवस मोजले. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची जत्रा. चाळीस वर्षं तापीकाठी त्याचा मांडव पडत आला होता. लांबलांबचे घोडेवाले गाडीतून घोडा उतरवला की आधी इद्रिसचा मांडव विचारत, मग पाणी. तिथे डाव्या हाताने खूर धरता येत नसेल तर तो तिथे जाऊन करणार काय? जिलबी खाणार?

"डबा बदली टाका, बाई," तो म्हणाला. "आम्हना धंदामा एक गोट शे. बठेल खिळाले हात लावाना नही."

बाईंनी वाद घातला नाही. "जाण्याआधी सहा मिनिटं चालून दाखवा," एवढंच म्हणाल्या.

बाहेरच्या लांब बोळात जमिनीवर दोन पट्ट्या मारल्या होत्या. या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत सहा मिनिटं येजा करायची, किती अंतर झालं ते नर्स लिहिणार. वेळ वाचावा म्हणून नर्सने त्याच्या बरोबर आणखी एक बाई उभी केली. कमलीबाई नाव, धडगावच्याही पुढच्या पाड्यावरची. वय इद्रिसएवढंच, साठीच्या आसपास. तिचा नवरा बाज्या एका हातात तिच्या चपला आणि दुसऱ्या हातात फाइलची पिशवी घेऊन भिंतीशी उभा होता. कमलीबाईचाही वरून खाली येणारा रस्ता बंद पडला होता, तिलाही डबा होता. फरक एवढाच की तिचा दोन वर्षांपूर्वीचा, आणि तार मधल्या पडद्यातली.

नर्स 'चला' म्हणाली. पहिल्या फेरीला दोघं बरोबर होती. दुसरीला कमलीबाई दोन हात पुढे गेली. पाचव्या फेरीत इद्रिसच्या कानात शिटी वाजायला लागली, आणि सातवीत तो भिंतीला हात टेकून उभा राहिला. सहावी पायरी तिथेही आलीच. कमलीबाई समोरून अनवाणी येत होती, पाड्यावरून झऱ्याला निघाल्यासारखी. त्याच्याजवळून जाताना ती पावरी बोलीत काहीतरी बोलली.

"ती म्हणते, दादाला बसायला द्या," बाज्याने नर्सला सांगितलं.

इद्रिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सवय वाईट. बाकावर बसल्या बसल्या त्याची नजर कमलीबाईच्या पावलांवर गेली. एकसारखी पडत होती. वळताना अडखळत नव्हती, शेवटी शेवटी जड होत नव्हती. घोडी असती तर त्याने मालकाला सांगितलं असतं, ही विकू नको.

"तिनं मशीन कितलावर ठेयेल शे?" त्याने जगदीशला विचारलं.

"साठ. तुमचं पण साठच."

दोन्हीकडे साठ. नर्सने कागदावर अंतर लिहिलं. इद्रिस दोनशे दहा मीटर, कमलीबाई चारशे पाच. दोन आकडे एकाखाली एक. इतकं समोर मांडल्यावर शहाण्याने काय ते समजावं. पण कळतं पण वळत नाही, अशी माणसाची जात. इद्रिसने मनाला सांगितलं, डोंगरातलं माणूस चालणारच. घरी येऊन अमिनाला म्हणाला की बॅटरी संपत आलीय, डबा बदलायचा, छोटं काम आहे. चित्र काढलेला केसपेपर त्याने घडी करून खिळ्यांच्या डब्यात सर्वांत तळाशी घातला. अमिना त्या डब्याला कधी हात लावत नसे.

त्यानंतर महिन्याभराने, नोव्हेंबरात एका सकाळी, कोरीटचा दोधू आपली पंचकल्याणी घोडी घेऊन दुकानापुढे उभा राहिला. दोधू मिरचीचा शेतकरी. घरात ट्रॅक्टर होता, मोटारसायकल होती, घोडीची गरज काडीची नव्हती, पण जीव तिच्यात. चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा आणि चाल रवाल. रवाल म्हणजे पाठीवरच्या माणसाला हिसका बसत नाही ती चाल. दोधू तळहातावर पाण्याने भरलेला लोटा घेऊन तिच्यावर बसे आणि गावाला फेरी मारून येई. लोटा भरलेलाच. सारंगखेड्याला या वर्षी तो हेच दाखवणार होता.

"इद्रिसभाऊ, हिले देखा बरं," दोधू म्हणाला. "लंगडस नही. पन लोटा सांडी ऱ्हायना."

"कितला दिन व्हयनात?"

"तीन-चार. पहिले वाटनं मन्हाच हात हालस. मंग पोऱ्याले बठाडं, तरी सांडस."

इद्रिसने घोडी चालवून बघितली. लंगडत नव्हती हे खरं. दुसऱ्या कुणाला काहीच दिसलं नसतं. पण पुढचा उजवा पाय जमिनीवर टेकताना केसभर उशीर होत होता, आणि तो उशीर झाकायला बाकीचे तीन पाय घाई करत होते. चालच मोडली होती.

"नाल तं घट्ट शे," दोधू मागून सांगत होता. "मी हालाईसन देखं. एक बी खिळा हालस नही. तुम्हना हातना खिळा कसा हालई? खिळा घट्ट शे, मंग काय अडचण?"

इद्रिस खाली बसला, खूर मांडीवर घेतला आणि हातोडीच्या दांड्याने एकेका खिळ्यावर हलकेच टिचकी मारत गेला. पहिला, दुसरा, तिसरा, काही नाही. चौथ्याला घोडीच्या खांद्याची कातडी थरथरली. माशी बसल्यावर थरथरते तेवढीच. त्याने पुन्हा टिचकी मारली. पुन्हा थरथरली.

खुराची भिंत निबर असते, नखासारखी. तिच्यात खिळा कितीही ठोका, घोड्याला पत्ता लागत नाही. पण तिच्या आत जिव्हाळी असते, आणि खिळा तिच्यात घुसला तर घोडा जागच्या जागी उसळतो, ती चूक लगेच कळते. वाईट चूक वेगळी. खिळा जिव्हाळीत जात नाही, नुसता तिला खेटून बसतो. घोडा त्या दिवशी काही म्हणत नाही. नाल घट्ट, खिळा घट्ट, मालक खूश. मग पावलापावलाला तो खिळा आत दाबत राहतो, आणि पाच-सात दिवसांनी चाल जाते. चाळीस वर्षांत इद्रिसच्या हातून ही चूक दोनदा झाली होती, दोन्ही वेळा उमेदवारीत.

नाल मारून नऊ दिवस झाले होते. त्याला तो दिवस आठवला. वाकून बसल्यावर त्याला दम लागला होता. चौथा खिळा ठोकताना एरवी तो कान देऊन बसायचा, कारण निबर भिंतीतला आवाज खणखणीत येतो आणि जिव्हाळीजवळ तो बसका होतो. आवाज बसका झाला की हात थांबतो, खिळा काढून बाहेरच्या अंगाने पुन्हा घालतो. त्या दिवशी कानात स्वतःच्याच श्वासाची शिटी वाजत होती. आवाज ऐकूच आला नव्हता. लवकर उठून उभं राहायचं होतं, म्हणून त्याने पाच घाव मोजले आणि खिळा मुरडून टाकला होता.

त्याने सांडशी घेतली आणि बसलेला खिळा उपटला. टोक ओलसर आणि काळं. घोडीने लांब श्वास सोडला.

"दोधूभाऊ," इद्रिस खाली बसूनच म्हणाला, "खिळा घट्ट व्हता, पन जागा चुकनी. चूक मन्ही शे. घोडीनी नही, तुन्ही नही. मन्ही."

दोधूने वाकून घोडीचा खूर बघितला. जत्रेला महिना राहिला होता. रागवायचा त्याला हक्क होता आणि इद्रिस त्याची वाट बघत होता.

"मंग बरी व्हई का?" दोधूने विचारलं.

"येळवर सापडना. पंधरा दिन नाल नको, कोल्ली, सुकी जागामा बांध. मी रोज येसू, औषध भरसू. जत्रामा लोटा सांडाव नही, मन्ही जबान."

दोधू घोडी घेऊन गेला. इद्रिसने तो खिळा उचलून तळहातावर घेतला आणि जिना चढायला लागला. सहाव्या पायरीवर थांबला. हात डागावर गेला. वर चहापत्ती पडल्याचा वास आला, आणि त्याला एकाएकी रडू कोसळलं. आपल्या हातची कला गेली म्हणून, आणि भीती वाटली म्हणूनही. चाळीस वर्षांत एवढी भीती त्याला कुठल्याही लाथाळ घोड्याची वाटली नव्हती.

अमिना दारात आली. त्याने तिथेच, सहाव्या पायरीवर बसून, तिला सगळं सांगितलं. घोडीचं सांगितलं, चौतिसाचं सांगितलं, कमलीबाईचं सांगितलं, तळाशी दडवलेल्या चित्राचंही सांगितलं. चहा उतू गेला, गॅस विझला, तिचं लक्ष नव्हतं.

"घोडी का नौ दिन में पकडा," ती अखेर म्हणाली. "और खुद का दो साल में नहीं पकडा? साठ, साठ, रोज सुबह साठ! मैं क्या बहरी हूँ? मैं रोज सुनती थी तुम कहाँ रुकते हो."

इद्रिसने जगदीशला फोन लावला, नवी तार घालायची म्हणून.

घोडीचा शब्द मात्र त्याने पाळला. पंधरा दिवस रोज कोरीटला गेला, खुरात औषध भरलं. सोळाव्या दिवशी नवी नाल मारली, चारही खिळे कान देऊन, मध्ये मध्ये उठून श्वास घेत. दोधूने लोटा भरून फेरी मारली. थेंब सांडला नाही. मग इद्रिसने हातोडी, सांडशी, कानस आणि खिळ्यांचा डबा चुलतभाऊ जाकीरच्या हवाली केला. त्या वर्षी पंचकल्याणी सारंगखेड्याला गेली आणि नालबंद नाशिकला गेला.

शस्त्रक्रियेत भूल नुसती खांद्यापुरती होती. इद्रिस जागा होता. तोंडावर हिरवं कापड, कापडापलीकडे बाईंचा आवाज. तार पडद्याला टेकली होती आणि बाई ती थोडी थोडी फिरवत आत नेत होत्या. प्रत्येक फेऱ्यानंतर थांबत आणि समोरच्या मॉनिटरवर ठोक्याचा आकार बघत.

"अजून रुंद आहे," त्या म्हणत. मग पुन्हा फेरा. "थोडा बारीक झाला." पुन्हा फेरा. पुन्हा थांबणं.

इद्रिस कान देऊन ऐकत होता. हे काम त्याच्या ओळखीचं होतं. आत काय आहे ते दिसत नाही, हाताला लागतं तेवढंच, आणि दुसऱ्याच कुठल्या तरी खुणेवरून कळतं की आता थांबायचं. बाईंना जो आकार दिसत होता, त्याला तो आवाज ऐकू यायचा. एक फेरा कमी पडला तर तार रस्त्यापर्यंत पोचणार नाही, एक जास्त झाला तर पडद्याच्या पलीकडे जाईल.

"घाई नका करू, बाई," तो कापडाखालून म्हणाला.

"नाही करत, चाचा." आणि थोड्या वेळाने, "बस. इथेच."

संध्याकाळी बाईंनी त्याला ईसीजीच्या दोन पट्ट्या दाखवल्या. जुन्या कागदावर एकेक ठोका आडवातिडवा, रुंद, बसक्या टेकडीसारखा. नव्या कागदावर ठोका बारीक आणि उभा. "आधी सगळ्या भिंतींत करंट पसरायला एकशे शहात्तर लागत होते, सेकंदाचे हजार भाग केले तर. आता एकशे चौदा. हृदय लगेच तरणं होणार नाही. महिने लागतात. कधीकधी होतही नाही, ते मी आधीच सांगून ठेवते."

इद्रिसने सवयीने मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरचं घड्याळ शोधलं. मग बोटं काढून घेतली. तिथे साठच असणार होते, त्यात नवीन काय.

मुलगी शिरीन नाशिकलाच असते. तिचं घर तळमजल्यावर. तपासण्या होईपर्यंत तिने त्याला ठेवून घेतलं. अमिना पंधरा दिवस राहिली आणि मग नंदुरबारला परतली, तिच्या शिलाईची लग्नसराईतली कामं खोळंबली होती. इद्रिस डावा हात पोटाशी धरून शिरीनच्या गल्लीत फेऱ्या मारी. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत, मग किराणा दुकानापर्यंत, मग मशिदीपर्यंत. फोनवर अमिना विचारी, "रुकते क्या?" तो म्हणे, "यहाँ जीना किधर है?" जत्रेतून जाकीरचा फोन आला की पंचकल्याणीचा लोटा बघायला एवढी गर्दी झाली की दोधूचा फेटा हरवला. इद्रिस आधी हसला. मांडवाबाहेर राहून जत्रा ऐकायची त्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ते त्याला फार लागलं.

सात आठवड्यांनी बाईंनी पुन्हा सोनोग्राफी केली. त्रेचाळीस. अठ्ठावन्न नव्हे, पण चौतीसही नव्हे. बोळात सहा मिनिटं चालवलं, तीनशे चाळीस मीटर भरले. "कमलीबाईच्या अजून मागे आहात," बाई म्हणाल्या. "पण आता घरी जा."

सोमवारी निघायचं ठरलं होतं, पण त्याला धीर कुठला. शनिवारीच तो एसटीत बसला. अमिनाला कळवलं नाही. उतरला तेव्हा दुपार झाली होती. दुकान बंद होतं, जाकीर जेवायला गेला असावा. पिशवी उजव्या खांद्याला अडकवून इद्रिस जिन्याशी उभा राहिला. वरून शिलाईमशीनचा आवाज येत होता.

तो चढला. घाई केली नाही, मुद्दाम हळूही गेला नाही. सहाव्या पायरीशी हात आपसूक भिंतीकडे गेला, पण पाय थांबले नव्हते आणि हात डागाला न लागताच पुढे निघून आला. सात, आठ, नऊ. त्याला स्वतःचीच पावलं ऐकू येत होती, एकामागोमाग एक, सारखी.

वर शिलाईमशीन थांबलं. खुर्ची सरकली. अमिनाने घाईघाईने ओढणी डोक्यावर घेतल्याची सळसळ झाली, परका पुरुष जिना चढून येतो तेव्हा घेते तशी, आणि दाराआडून तिचा सावध आवाज आला.

"कौन है?"

इद्रिस दारात येऊन उभा होता. बोलायला श्वास पुरेसा होता.

"मैं हूँ," तो म्हणाला.

अमिनाने दार उघडलं. त्याच्याकडे पाहिलं, त्याच्यामागच्या जिन्याकडे पाहिलं, आणि तोंडावर ओढणी दाबून ती तिथेच उंबऱ्यावर बसली. चहा अजून ठेवलाही नव्हता.